पाचवीची वही आणि माझी अध्ययनशैली

बी.एड.च्या पहिल्या वर्षी, २०१७ च्या पावसाळ्यात, आमच्या वर्गात सोळा प्रश्नांची एक प्रश्नावली वाटण्यात आली. नवे यंत्र वापरायला शिकायचे असेल तर तुम्ही माहितीपुस्तिका वाचाल, आकृती पाहाल, जाणकाराला विचाराल, की यंत्र हातात घेऊन खटपट कराल, अशा धर्तीचे ते प्रश्न होते आणि एका प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरांवर खूण करण्याची मुभा होती. शेवटी चार रकान्यांत गुण मांडायचे होते: दृक्, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती. माझ्या श्राव्य रकान्यात अकरा खुणा झाल्या आणि वाचन-लेखनाच्या रकान्यात अवघ्या दोन. मॅडमनी कागदावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "तू कानाने शिकणारी आहेस."

त्या एका वाक्याने मला फार हायसे वाटले. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. घरात बोलायला कोकणी, वाचायला-लिहायला मराठी आणि पाचवीपासून शिकायला इंग्रजी, अशी आमच्या भागातल्या बहुतेक मुलांची तीन मजली भाषा असते. चौथीपर्यंत मी मराठी शाळेत वर्गात पहिली यायचे. पाचवीत इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात गेले आणि पुस्तक समोर धरले की डोळे ओळींवरून नुसते घसरत जाऊ लागले. पुढे बारावी झाले, पदवी घेतली, तरी इंग्रजी पुस्तकाचे पान उघडताना छातीत एक बारीक धडधड होत असे, आणि वाचनात आपण मुळातच कच्च्या आहोत अशी माझी खात्री झाली होती. आता कोणीतरी सांगत होते की हा कच्चेपणा नाही, ही शैली आहे. कमतरतेला इतके सभ्य नाव मिळाल्यावर कोणाला बरे वाटणार नाही?

ती प्रश्नावली न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांच्या १९८७ सालच्या आराखड्यावर बेतलेली होती. फ्लेमिंग शाळांचे निरीक्षक होते. वर्गांमागून वर्ग पाहताना त्यांना प्रश्न पडला की काही उत्तम शिक्षक काही विद्यार्थ्यांपर्यंत का पोहोचत नाहीत, आणि बेताच्या शिक्षकांकडे काही मुले उत्तम कशी शिकतात. प्रश्न अस्सल होता. त्या सत्रात आम्ही इतरही सिद्धांत शिकलो. पीटर हनी आणि ॲलन ममफोर्ड यांची ऐंशी विधानांची प्रश्नावली सोडवली, ती मला आता फारशी आठवतही नाही. हॉवर्ड गार्डनर यांचा १९८३ सालचा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत आला, आणि तो आमच्या टिपणांत शैलींच्याच खणात जाऊन बसला. बुद्धिमत्तांचे प्रकार म्हणजे अध्ययनशैली नव्हेत, असे गार्डनर यांनी स्वतः पुढे जाहीरपणे लिहिले आहे, हे मला फार नंतर कळले.

डेव्हिड कोल्ब यांचा सिद्धांत मात्र मनात रुतला. शिकणे हे चार टप्प्यांचे चक्र आहे असे कोल्ब मांडतात: आधी ठोस अनुभव येतो, मग त्या अनुभवाकडे थांबून पाहणे, त्यातून एखादी संकल्पना उभी करणे आणि ती संकल्पना पुन्हा प्रत्यक्षात लावून पाहणे. कोणाला या चक्राचा एक भाग जवळचा वाटतो, कोणाला दुसरा, आणि त्यावरून कोल्ब चार शैली सांगतात. पण चक्र पुरे व्हावे हाच त्या मांडणीचा गाभा आहे. आमच्या वर्गात तो गाभा बाजूला राहिला आणि प्रत्येकाला आपापला कप्पा तेवढा मिळाला. मला 'चिंतनशील' हा कप्पा मिळाला. एका कागदावर मी कानाची होते आणि दुसऱ्यावर विचारात गढणारी. दोन्ही कागद मी फायलीत जपून ठेवले, पण भरवसा पहिल्यावर ठेवला, कारण त्यावर लगेच काही करता येण्यासारखे होते.

मी टिपणे लिहिणे थांबवले. मॅडमचे तास परवानगीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करू लागले आणि संदर्भपुस्तकांतले उतारे मैत्रिणीकडून मोठ्याने वाचून घेऊन तेही साठवू लागले. वाळपईहून पणजीला जाणाऱ्या सकाळच्या कदंब बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळवून, कानांत यंत्र घालून मी रोज जाता-येता अभ्यास ऐकत असे. साखळी, डिचोली मागे पडत आणि माझ्या कानांत बालविकासाचे अभ्यासक पियाजे आणि वायगॉट्स्की चालू असत. काही दिवसांतच पुढचे वाक्य कोणते येणार हे मला आधीच कळू लागले. मैत्रीण कुठे अडखळते, कुठे श्वास घेते, कुठे मागून कुत्रे भुंकते, सगळे पाठ झाले. हा अभ्यास इतका सुखाचा होता की आपल्याला आपली वाट सापडली याबद्दल मनात शंकाच उरली नाही.

सत्राच्या परीक्षेत प्रश्न आला: बालकाच्या विचारप्रक्रियेच्या विकासाबाबत पियाजे आणि वायगॉट्स्की यांच्या भूमिकांमधील भेद वर्गातील उदाहरणांसह स्पष्ट करा. मी डोळे मिटले. मैत्रिणीचा आवाज कानात स्वच्छ उमटला. दोघेही १८९६ साली जन्मले, हे तिच्या आवाजात ऐकू आले आणि मी ते लिहिले. वायगॉट्स्की १९३४ साली अल्पवयात गेले, तेही लिहिले. त्यापुढे आवाज चालूच होता, ओघ होता, चढउतार होते, पण त्यातला भेद कशात आहे ते मला सांगता येईना. चाल पाठ आणि शब्द विसरलेल्या अभंगासारखी माझी स्थिती झाली. उदाहरण तर एकही सुचले नाही, कारण ध्वनिफितीत उदाहरण नव्हते आणि स्वतः उदाहरण शोधण्याची वेळ मी माझ्यावर कधी येऊच दिली नव्हती. त्या विषयात मी जेमतेम उत्तीर्ण झाले. परीक्षेआधी मला कोणी विचारले असते तर सर्वांत पक्का विषय म्हणून मी त्याचेच नाव घेतले असते.

तरीही मी शैलीला दोष दिला नाही. ऐकणे कमी पडले, आणखी ऐकायला हवे होते, असेच मला वाटले. मन वळले ते दुसऱ्या वर्षी, आंतरवासितेच्या काळात, आणि तेही एका मुलामुळे.

मला पाचवीचा वर्ग मिळाला होता. गोव्यातील नद्या या घटकाचे पाठ टाचण मी मोठ्या हौसेने तयार केले. आधी मुलांकडून एक सोपी प्रश्नावली भरून घेतली आणि वर्गाचे चार गट पाडले. एका गटाला नकाशा, एका गटाला मी सांगितलेली गोष्ट, एका गटाला पाठ्यपुस्तकातला उतारा आणि एका गटाला चिकणमाती, जिच्यातून त्यांनी सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचा उतार करून त्यावर पाणी सोडायचे होते. वर्ग गजबजून गेला. पाहायला आलेल्या मार्गदर्शक शिक्षिकांनी चांगला शेरा दिला.

मातीच्या गटात एक मुलगा होता, माझ्याच तालुक्यातला, त्याच जूनमध्ये मराठी शाळेतून आलेला. त्याने केलेला उतार सगळ्यांत सुबक होता, पाणी जिथे वळायला हवे तिथे वळत होते. दुसऱ्या दिवशी मी उजळणीसाठी पुस्तकातला उतारा वाचायला सांगितला आणि त्याची पाळी आली, तेव्हा तो उठून उभा राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "टीचर, मी वाचणाऱ्यांतला नाही. मी मातीवाला." त्याच्या बोलण्यात खट्याळपणा नव्हता. मीच त्याला जे सांगितले होते ते तो मला आठवण करून देत होता.

मी त्याला बसायला सांगितले आणि पुढच्या मुलीला वाचायला लावले. त्या क्षणी मला एवढेच सुचले, आणि त्याचा सल मला अजून आहे. दहा वर्षांच्या मुलाला वाचनातून सुटका हवी होती आणि ती मी त्याला शास्त्राच्या नावाने दिली होती. संध्याकाळी बसमध्ये त्याचे वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते माझेच वाक्य होते. फक्त माझ्याकडे मातीऐवजी कान होता.

त्यानंतरचे कित्येक शनिवार मी पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात काढले. आमच्या एका सरांनी वाचायला म्हणून काही निबंधांची नावे दिली होती. मी ते उतरवून घेऊन, छापून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचू लागले. पहिल्या निबंधाच्या पहिल्या चार पानांना दोन दिवस लागले.

तो निबंध हॅरल्ड पॅश्लर, मार्क मॅक्‌डॅनिएल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्यॉर्क या चौघांचा, २००८ सालचा. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा आहे. माणसांच्या आवडी वेगवेगळ्या असतात हे कोणी नाकारत नाही. पण आवडीशी जुळणाऱ्या पद्धतीने शिकवले तर शिकणे अधिक चांगले होते, हा दावा वेगळा आहे, आणि तो सिद्ध करायचा असेल तर पुरावा कोणत्या प्रकारचा हवा? दृक् आवडीची आणि श्राव्य आवडीची अशी माणसे आधी निवडावीत. मग प्रत्येक गटातल्या अर्ध्या माणसांना चिठ्ठ्या टाकून पाहण्याच्या पद्धतीने आणि अर्ध्यांना ऐकण्याच्या पद्धतीने तोच भाग शिकवावा. शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्यावी. दृक् माणसांना पाहण्याची पद्धत फळली आणि श्राव्य माणसांना ऐकण्याची, असा उलटसुलट निकाल आला तरच दावा टिकला म्हणायचे. एकच पद्धत दोन्ही गटांना लाभली, तर ती पद्धत चांगली इतकेच कळले, शैलीबद्दल काहीच कळले नाही. या कसोटीवर उतरणारे प्रयोग त्यांना अगदी थोडे आढळले आणि त्यांतल्या काहींचे निकाल तर दाव्याच्या सरळ विरुद्ध होते.

हा परिच्छेद मी तीनदा वाचला. माझ्या पाठाला मिळालेला चांगला शेरा, वर्गातली ती गजबज, मुलांचे उजळलेले चेहरे, यांतले काहीही या कसोटीत पुरावा म्हणून धरता येत नव्हते. मी मातीच्या गटाला उतारा देऊन पाहिला नव्हता आणि उताऱ्याच्या गटाला माती दिली नव्हती. म्हणजे मी काहीच तपासले नव्हते.

पुढे वाचत गेले तसतसे चित्र स्पष्ट होत गेले. फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अध्ययनशैलींचे तब्बल ७१ आराखडे मोजले होते आणि त्यांतल्या १३ प्रमुख आराखड्यांची कसून तपासणी केली होती. एवढ्या आराखड्यांमध्ये माणूस नेमका कोणत्या प्रकाराचा, हे प्रत्येक आराखडा आपल्या पद्धतीने ठरवतो, तेव्हा माझे दोन कागद एकमेकांशी जुळले नाहीत यात नवल नव्हते. बेथ रोगोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१५ सालच्या अभ्यासाने तर माझ्या वर्मावर बोट ठेवले, कारण त्यांनी प्रौढांना एकच माहितीपर मजकूर काहींना ऐकवला आणि काहींना वाचायला दिला. ज्यांना ऐकणे आवडते त्यांना ऐकून अधिक समजले आणि ज्यांना वाचणे आवडते त्यांना वाचून, असे काही आढळले नाही. शिक्षकांचा विश्वास मात्र अढळ आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ब्रिटनमधील ९३ टक्के आणि नेदरलँड्समधील ९६ टक्के शिक्षकांनी, आवडत्या शैलीतून शिकवल्यास मुले अधिक चांगली शिकतात, हे विधान बरोबर मानले होते. मी त्यांच्याहून वेगळी नव्हते.

फ्लेमिंग यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगते की, त्यांनी आपली प्रश्नावली पसंती ओळखण्यासाठी म्हणून मांडली होती. पसंतीला क्षमता मानण्याची उडी आम्ही मारली, आणि आमच्यासारख्या असंख्य वर्गांनी.

मग प्रश्न उरला की मी शिकावे कसे. उत्तर मला हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगात मिळाले. त्यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले. पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के. माझ्या बसमधल्या अभ्यासाचे निदान त्या पाच मिनिटांच्या आकड्यात होते. पुन्हा पुन्हा ऐकल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचे ते आपल्याला येते असे वाटते. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, प्रत्यभिज्ञा आणि प्रत्यावाहन: समोर आलेले ओळखणे आणि समोर नसलेले आठवून आणणे. मी वर्षभर पहिले केले होते आणि परीक्षेने दुसरे मागितले होते.

मी पद्धत बदलली. पाच-सहा पाने वाचायची, पुस्तक पालथे घालायचे, आणि कोऱ्या कागदावर, मराठीत, आठवेल तेवढे लिहायचे. मग पुस्तक उघडून सुटलेले लाल शाईने भरायचे. दोन दिवसांनी तोच कागद नव्याने, आठवड्याने पुन्हा. पहिल्या कागदावर काळ्या शाईच्या सात ओळी होत्या आणि लाल शाईने पान भरले होते. ते पाहून रडू आले. बसमधला अभ्यास जितका सुखाचा होता तितका हा जाचक होता. प्रत्येक वेळी आपल्याला काय येत नाही तेच समोर येत असे. ज्या अडचणींनी शिकणे सावकाश होते पण टिकते, त्यांना रॉबर्ट ब्यॉर्क इष्ट अडचणी म्हणतात. त्या इष्ट आहेत हे कळायला मला साधारण दीड महिना लागला. तेव्हा काळी शाई वाढली होती, आणि पियाजे-वायगॉट्स्की यांचा भेद मला बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंना, त्या कोणत्या कामाला जातात हे विचारून, त्यांच्याच कामातली उदाहरणे देऊन सांगता आला होता.

तरीही एक गोष्ट सुटत नव्हती. शैली जर खरी नसेल, तर माझ्या अकरा खुणा आल्या कुठून? मी खोटे लिहिले नव्हते. मला खरोखरच ऐकणे सोपे जात होते.

त्याचे उत्तर त्या वर्षी चतुर्थीच्या आधी घर साफ करताना माळ्यावर सापडले. एका पत्र्याच्या ट्रंकेत माझी पाचवीची विज्ञानाची वही होती. कव्हर खाकी कागदाचे, कोपरे वाळवीने खाल्लेले. आत निळ्या शाईने फळ्यावरून उतरवलेली इंग्रजी उत्तरे होती आणि जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने, बारीक देवनागरीत, त्याचा उच्चार लिहिलेला होता. 'इव्हॅपोरेशन'. 'कन्डेन्सेशन'. 'ऑर्बिट' लिहिताना 'ऑ'चा चंद्र दोनदा गिरवलेला. पानेच्या पाने अशी. अर्थ मात्र कुठेही लिहिलेला नव्हता, एकाही शब्दाचा.

मी तिथेच माळ्यावर बसून राहिले. चौथीपर्यंत परिसर अभ्यासात मी बाष्पीभवन शिकले होते. तापलेल्या खळ्यावर शिंपलेले पाणी बघता बघता नाहीसे होते, आगोटीत कपडे वाळत नाहीत कारण हवेत आधीच ओल असते, हे मला आजीने आणि बाईंनी मिळून शिकवले होते. पाचवीत 'इव्हॅपोरेशन' आले तेव्हा ते आणि हे एकच आहे असे मला कोणी सांगितले नाही आणि मला स्वतःला ते ओळखता आले नाही. मी त्या शब्दाचा आवाज पकडला आणि तो पाठ केला. वर्गात शिक्षक इंग्रजी वाक्य वाचून मग कोकणीत समजावत, तेव्हा समजत असे. तेच पुस्तकात वाचले की समजत नसे. मग कान हाच माझा आधार झाला. समज बोलण्यात होती आणि कोडे छापील पानात, म्हणून मी 'श्राव्य' झाले. प्रश्नावलीने माझ्या मेंदूची घडण मोजली नव्हती. पाचवीच्या जून महिन्यात एका मुलीने तगून राहण्यासाठी जे केले, ते मोजले होते.

डेव्हिड ऑसुबेल यांचे म्हणणे आम्ही पहिल्याच सत्रात शिकलो होतो, पण ते तेव्हा माझ्या एका कानातून आत जाऊन दुसऱ्या कानातून निघून गेले असावे. शिकणाऱ्याला आधी काय ठाऊक आहे ही अध्ययनावर परिणाम करणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, असे त्यांनी १९६८ साली मांडले. नवे ज्ञान जुन्या ज्ञानाला अडकले तर ते अर्थपूर्ण होते, नाही तर घोकंपट्टी उरते. वहीतल्या त्या पेन्सिलीच्या अक्षरांखाली माझे बाष्पीभवन, माझे खळे, माझी आजी, सगळे शाबूत होते. फक्त पूल बांधला गेला नव्हता. मी डोळ्यांनी शिकते की कानांनी, हा प्रश्न त्यापुढे मला फार लहान वाटू लागला.

आंतरवासितेचे अजून तीन आठवडे शिल्लक होते. मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावले आणि पाठ्यपुस्तकातला मांडवीचा उतारा त्याच्यासमोर ठेवला. त्याने मान खाली घातली. मी विचारले, "तुझ्या घराजवळून कोणती नदी जाते?" तो लगेच म्हणाला, "म्हादय." मग ती कुठून येते, पावसात किती चढते, उन्हाळ्यात कुठून पायी ओलांडता येते, हे त्याने मला सविस्तर सांगितले. मी विचारले, ती पुढे कुठे जाते? त्याला ठाऊक नव्हते. आमच्या सत्तरीत जी म्हादई, तीच खाली पणजीला मांडवी म्हणून समुद्राला मिळते, हे ऐकल्यावर तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याच्या दृष्टीने मांडवी ही पुस्तकातली, पुलाखालची, बोटींची कोणतीतरी परकी नदी होती. मग मी उताऱ्यातल्या 'मांडवी' या शब्दावर पेन्सिलीने 'म्हादय' लिहिले आणि म्हटले, आता वाच, ही तुझ्या नदीबद्दलचीच गोष्ट आहे.

त्याने तीन ओळी वाचल्या. अडखळत, बोट ठेवून, प्रत्येक अनोळखी शब्दाशी थांबून. अडला तिथे मी उच्चार सांगितला नाही, आधी अर्थ मराठीत सांगितला. 'ट्रिब्यूटरी' म्हणजे उपनदी हे कळल्यावर त्याने आपल्या गावच्या ओहोळाचे नाव घेतले. तिसऱ्या ओळीनंतर घंटा झाली. तीन आठवड्यांत तो वाचू लागला असे मी म्हणणार नाही. आठ-दहा ओळींपर्यंत आम्ही पोहोचलो. पण मातीच्या त्या सुबक उताराचा उपयोग मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळला. माती त्याला वाचनाऐवजी द्यायची नव्हती, वाचनापाशी येण्यासाठी द्यायची होती.

कोणत्या गोष्टीला कोणते इंद्रिय लागते ते बहुधा ती गोष्टच ठरवते. अबोलीची माळ आजीने मला शब्दांत कधीच शिकवली नाही. केळीच्या सोपाचा भिजवलेला दोरा, एका वेळी दोन-तीन देठ, वर एक वेढा, अंगठ्याने किंचित दाब, जास्त दाबले तर देठ तुटतो. हे ध्वनिफितीवरून शिकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, मग त्याच्या कागदावर कितीही श्राव्य खुणा असोत. आरतीची चाल मात्र कानानेच येते आणि नकाशा डोळ्यांनी. आता पाठ टाचण करताना मी मुलांचे गट पाडत नाही. या घटकाला काय लागते, आणि तो शिकण्याआधी या मुलांना त्यांच्या भाषेत काय ठाऊक आहे, हे दोन प्रश्न वहीच्या वरच्या बाजूला लिहिते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला कधीकधी पूर्ण तास जातो. तो तास वाया गेला असे मला एकदाही वाटलेले नाही.

गेल्या वर्षापासून मी मोडी शिकते आहे. आधी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरांना अक्षरे जोडत जायचे. इथे ऐकण्याला वावच नाही. रोज रात्री एक पान वाचते, झाकते, आठवून गिरवते आणि लाल शाईने दुरुस्त करते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद पाळला जात नाही आणि शब्दांमध्ये मोकळी जागाही सोडलेली नसते, त्यामुळे कागद कशाबद्दलचा आहे हे ठाऊक असल्याशिवाय ओळ फोडताच येत नाही. परवा सरावासाठी मिळालेल्या एका जुन्या कागदावर मी दोन रात्री अडून होते. तिसऱ्या रात्री मध्येच 'माड' हा शब्द ओळखला, मग 'पोफळी', आणि हा कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, वाटणीचा कागद आहे हे लक्षात आले. माझे वडील कुळागरातच राबले. त्यानंतरच्या अकरा ओळी मी त्याच बैठकीत वाचल्या.